जिनिंगमधल्या जोगदंड बाई

एखादी गोष्ट पाहून कुणी ‘छान’ म्हणालं की मी अजून दचकतो. परवा नातीनं शाळेत काढलेलं मोराचं चित्र आणून दाखवलं. शब्द अगदी ओठावर आला होता, तो मी गिळला. पोरगी वाट बघत उभी. शेवटी म्हणालो, "ह्याचा एक पाय लांब हाय." ती रुसून आत निघून गेली आणि सूनबाईनं माझ्याकडं असं पाहिलं की विचारू नका. माझी ही अवस्था जोगदंड बाईंनी करून ठेवलेली आहे.

बाई आमच्या गावच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. आमचं गाव घाटनांदूरपासून जवळ. गावाबाहेर सहकारी जिनिंग होती, कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधायची. ती बंद पडून बरीच वर्षं झाली होती. यंत्रं लिलावात गेली, कामगार ऊसतोडीला लागले आणि संस्था कागदावर उरली. कागद आहे तोवर सचिव लागतो, म्हणून मी उरलो. रोज सकाळी जायचं, ऑफिसचं कुलूप काढायचं, खुर्ची झटकायची आणि पेपर वाचत बसायचं. असा माझा सुखाचा काळ चालला होता.

त्यात एक दिवस बाई आल्या. नुकत्याच रिटायर झाल्या होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत, खांद्याला ज्यूटची पिशवी. खुर्ची पुढं केली तर बसल्या नाहीत.

"सचिव, हॉलची किल्ली द्या. बघायचाय."

"काय बघायचंय बाई? रिकामा हाय."

"म्हनूनच बघायचाय."

मी किल्ली दिली. ती किल्ली मला परत मिळाली नाही. काही दिवसांनी मी मागितली, तर बाई म्हणाल्या, "तुमाला कशाला? मी आत असल्यावर उघडंच असतंय की."

हॉल मात्र बघण्यासारखा होता, हे कबूल केलं पाहिजे. उंच पत्रे, पत्र्यांत मधे मधे काचा बसवलेल्या, वरून एकसारखा मऊ उजेड खाली यायचा. मी इतकी वर्षं तिथं होतो, पण माझ्या लेखी तो उन्हाळ्यात तापणारा पत्रा. बाईंनी आत उभं राहून एकदा वर पाहिलं आणि ठरवून टाकलं की इथं गॅलरी करायची. जगातल्या चित्रकारांची.

आमचे चेअरमन अण्णा. जमीनजुमला भरपूर, पंचायत समितीपर्यंत वजन. बाई त्यांच्याकडं परवानगीला गेल्या तेव्हा अण्णांना वाटलं, शाळेच्या पोरांची चित्रकला स्पर्धा असेल, आपल्या वाढदिवसाच्या सुमाराला होईल, आपला एखादा फोटोही लागेल. म्हणाले, "वापरा की बाई. चार दिवसानं काय हॉल झिजतोय व्हय?" बाईंनी त्या चार दिवसांची कितीतरी वर्षं केली.

चित्रकार कुठून आणायचे, हा प्रश्न कुणाला पडला असता. बाईंना नाही. अंबाजोगाईच्या नेट कॅफेत जाऊन त्या स्वतः ई-मेल लिहायच्या. मासिकांत ज्यांच्या कामाविषयी वाचलेलं असे, अशांना. एकदा मी सोबत होतो म्हणून मला ते वाचायला मिळालं. ‘आय हॅव हॉल. रूफ इज गुड. लाइट इज व्हेरी गुड. फूड इज भाकरी. कम.’ याच्यापुढं गावाचं नाव आणि रेल्वे स्टेशन. बस. मी म्हणालो, बाई, जरा सविस्तर लिहावं, दोन नम्रतेचे शब्द घालावेत. त्या म्हणाल्या, "जो एवढ्यावर यील तोच आपल्या कामाचा."

आणि लोक यायचे. हीच खरी वैतागाची गोष्ट होती. वेड्यासारखं वागावं आणि ते जमून जावं, याला माझ्यासारख्या माणसानं काय करावं?

सगळेच चित्रकार बाईंना चालत नसत. ज्यांचं काम माणसाच्या जगण्याशी, अन्यायाशी, भुकेशी भिडतं तेच हवेत. एका फ्रेंच बाईनं कमळांची सुंदर चित्रं पाठवली होती. मला ती फार आवडली. जोगदंड बाईंनी स्क्रीनवर बघितली आणि म्हणाल्या, "फुलंवाले नकोत. त्यांच्यासाठी क्यालेंडरं हायत."

पहिली आली ती चिलीची मार्ता. तिच्या देशात सरकारनं उचलून नेलेली आणि परत न आलेली माणसं खूप होती. त्यांच्या बायकांनी, आयांनी दिलेल्या जुन्या कपड्यांवर ती त्या माणसांची नावं धाग्यानं शिवायची. बाई तिला घाटनांदूर स्टेशनवरून घेऊन थेट माझ्या घरी आल्या. दारातूनच माझ्या बायकोला म्हणाल्या, "शालन, हिला पंधरा-वीस दिवस ठिवून घे. तुज्याकडं संडास चांगला हाय." आणि निघून गेल्या. मी तेव्हा ऑफिसात होतो. घरी आलो तर ओसरीवर एक परदेशी बाई मांडी घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली आणि शालन स्वयंपाकघरात भांडी आपटतेय.

"विचारायची तरी रीत हाय का न्हाई?" ती म्हणाली.

मी बाईंकडं जाऊन तेच विचारलं. बाईंना प्रश्नच कळला नाही. "विचारलं असतं तर तुमी न्हाई म्हनला असता. मग तिला कुठं ठिवली असती?"

पुढं शालननं आपल्या मेलेल्या भावाचा शर्ट पेटीतून काढून मार्ताला दिला. त्याच्यावर नाव शिवायला तिनं आणि मार्तानं मिळून किती वेळ घेतला, ते मी लांबून बघत होतो. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तो शर्ट प्रदर्शनात लागला. त्याबद्दल शालन बाईंना कधी काही बोलली नाही, पण त्या आल्या की चहा माझ्याआधी त्यांना मिळू लागला. बाई चहा कोरा, बिनसाखरेचा प्यायच्या आणि शालन दर वेळी साखर घालायची. हे भांडण अखेरपर्यंत मिटलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी बाईंचे नियम असत. हार नाहीत, शाल नाही, नारळ नाही, दीपप्रज्वलन नाही, भाषण तर नाहीच. आमच्या भागात सत्काराशिवाय विहिरीवर मोटरसुद्धा बसत नाही. पहिल्याच प्रदर्शनाला अण्णा चार माणसं घेऊन आले आणि पंधरा मिनिटं उगाच उभे राहिले. कुणी त्यांना पुढं बोलावीना. आणि सगळ्यांत जाचक नियम म्हणजे ‘छान’ म्हणायचं नाही. बाई दाराशी उभ्या राहायच्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायच्या, "काय दिसलं?" ग्रामसेवक असो, बँकेचा साहेब असो. ‘छान’ म्हणणाऱ्याला परत आत जावं लागायचं. मला त्यांनी तीनदा आत पाठवलं. तिसऱ्यांदा मी चिडून म्हणालो, "बाई, मला बाह्या दिसल्या. नुसत्या बाह्या. हात न्हाईत त्यांच्यात." तेव्हा सोडलं. शाबासकी वगैरे काही नाही. तो शब्दही बाईंना ठाऊक नव्हता.

मार्तानंतर दक्षिण आफ्रिकेतला एक जण येऊन गेला. त्यानं खाणकामगारांचे मोठमोठे चेहरे कोळशानं कागदावर काढले होते. मार्तानं जाताना तिचे काही कपडे ठेवले, त्यानं ते चेहरे ठेवले. अशा हॉलच्या भिंती भरत चालल्या. गावातली म्हातारी माणसं दुपारी सावलीला म्हणून येऊन बसायची. अण्णांनी हॉलचा विषय एक-दोनदा काढला, पण त्यांच्या घरातली पोरं बाईंच्या हाताखालून गेलेली, त्यामुळं त्यांचाही आवाज बाईंपुढं जरा खालीच असे.

मग ती दोन कोरडी वर्षं आली. पहिल्या वर्षी विहिरी गेल्या, दुसऱ्या वर्षी बोअर गेले. गावाला टँकर सुरू झाला, जनावरांसाठी जिनिंगच्या आवारात चारा-छावणी पडली. टँकर आणायची, थांबवायची व्यवस्था अण्णांकडं. तो वेशीजवळ थांबायचा. गावातल्या बायका पहाटेपासून घागरी रांगेत लावून ठेवायच्या. बौद्ध वस्तीतल्या बायकांच्या घागरी मधे चांगलं अंतर सोडून पलीकडच्या रांगेत. गावाची रांग आटोपली की पाइप तिकडं. कधी तिथपर्यंत पाणी यायचं, कधी टँकर तळाला गेलेला असायचा. बाई वस्तीत राहायच्या. त्यांचीही घागर त्याच रांगेत असायची. हे सगळं आम्ही रोज पाहत होतो.

अशात येन्स नावाचा डेन्मार्कचा चित्रकार आला. ताडमाड उंच, बोलायला मऊ. त्यानं हॉल पाहिला आणि आपला बेत सांगितला. हॉलच्या सगळ्या फरशीवर बोटभर पाणी साठवायचं. वरच्या काचांतला उजेड त्यात पडेल, लोकांना आपापले चेहरे दिसतील आणि पाण्याचं मोल कळेल. त्यासाठी एक टँकर हवा.

मला वाटलं, आता बाई ह्याला स्टेशनवर नेऊन सोडतात. पण त्या नुसत्या म्हणाल्या, "उद्या सकाळी चल." आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात दोन घागरी देऊन त्याला गावाच्या रांगेत शेवटी उभं केलं. जेवढं मिळेल तेवढं पाणी त्यानं खुशाल फरशीवर ओतावं, अशी अट.

बाईंचा हिशेब असा, की दुपारपर्यंत उन्हात उभा राहील, अर्धी घागर मिळेल आणि काय ते कळेल. पण झालं भलतंच. तो दिसताच बायका बाजूला सरल्या. पाहुणा, त्यात परदेशी, त्याला ताटकळत कसं ठेवायचं? त्याच्या दोन्ही घागरी सगळ्यांत आधी भरल्या. एकीनं त्याला डोक्याला बांधायला टॉवेल दिला. बाई लांबून बघत होत्या. त्या तरातरा आल्या आणि त्या बायकांनाच फैलावर घेतलं.

"त्याला पुढं कावून सोडलं?"

"बाई, पाव्हना हाय की त्यो," एक जण म्हणाली.

"आन् वस्तीतली राधाबाई पहाटंपासनं बसलीय, ती कोन हाय?"

टँकरचा आवाज चालू होता. येन्सला शब्द कळले नाहीत, पण तो त्या दोन घागरी घेऊन उभा राहिला आणि मग पलीकडच्या रांगेकडं जाऊन राधाबाईच्या पुढ्यात ठेवून आला. राधाबाईनं त्या घ्याव्यात की नाही, हे न कळून बाईंकडं पाहिलं. बाई तिच्यावरही चिडल्या. "घे की. बघतीस काय?"

फरशीवर पाणी साठवायचा बेत येन्सनं स्वतःच सोडला. पुढं आठवडाभर तो रोज टँकरपाशी जाऊन बसायचा आणि वहीत काहीतरी मोजमापं टिपायचा. मग हॉलमध्ये खडूनं फरशीवर गोल काढू लागला. एकेक घागर जिथं असायची तिथं एकेक गोल. रांग जिथं वळायची तिथं वळवली. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बायकांना त्यानं खुणांनी विचारलं आणि त्यांनी आपापल्या रिकाम्या घागरी आणून त्या गोलांवर ठेवल्या. पितळी, स्टीलच्या, प्लास्टिकच्या, पोचे आलेल्या.

मी आत गेलो आणि दारापाशीच थांबलो. मधलं अंतर त्यानं जसंच्या तसं ठेवलं होतं. वेशीजवळ ते अंतर म्हणजे रस्ता वाटायचा, जागा वाटायची. इथं बंद हॉलमध्ये, त्या एकसारख्या उजेडात, दुसरं काही नव्हतंच. अलीकडं घागरी, पलीकडं घागरी आणि मधे मोकळी फरशी.

"बाई," मी म्हणालो, "उद्या अण्णा येनार हायत. तेवढं मधलं अंतर जरा कमी करू. चार गोल सरकवायचेत फक्त. त्याला काय कळतंय?"

बाई फरशीवर बसून झाडूच्या काड्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी कावून कमी करू? मी पाडलंय का ते?"

मी जवळजवळ हात जोडले. हॉल जाईल, म्हणालो. टँकर त्यांच्या हातात आहे, म्हणालो. बाईंनी झाडू बांधून झाला तो माझ्या हातात दिला. "तो कोपरा राहिलाय."

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. सोबत त्यांच्या आई. त्यांना सगळं गाव जिजी म्हणे. फार वय झालेलं, क्वचित घराबाहेर पडायच्या. अण्णांनी सगळीकडं एक नजर टाकली, थोडे थांबले आणि दाराकडं वळले. बाई दारातच होत्या.

"काय दिसलं, अण्णा?"

"छान हाय."

"छान चालत न्हाई हितं. काय दिसलं ते सांगा."

मला भिंतीत शिरावंसं वाटलं. हॉलमध्ये अर्धं गाव होतं, वस्ती सगळी होती.

"घागरी दिसल्या," अण्णा म्हणाले.

"आनखी?"

अण्णांनी घड्याळ बघितलं. तेवढ्यात खुर्चीवर बसलेल्या जिजी म्हणाल्या, "आरं, ती पल्याडची रांग अशी फुटून कावून बसलीया?"

अण्णा आईकडं वळले.

"हितं तर समदी जागा मोकळीच हाय की," जिजी म्हणाल्या आणि काठीनं मधली फरशी दाखवली.

त्यांनी हे भोळेपणानं विचारलं की सगळं ठाऊक असून विचारलं, ते मला आजवर कळलेलं नाही. त्यांचा जन्म त्याच गावातला. अण्णांनी आईला हाताला धरून उठवलं आणि गाडीकडं नेलं. माझ्या आठवणीत एवढा एकच प्रसंग असा, की शेवटचा शब्द बाईंचा नव्हता आणि त्यांनी तो घेण्याचा प्रयत्नही केला नाही.

प्रदर्शन पाच दिवसांचं ठरलं होतं. दुसऱ्या सकाळी टँकर आला आणि बायका आपापल्या घागरी घेऊन गेल्या. हॉलमध्ये नुसते खडूचे गोल उरले. त्यावरही बाई चिडल्या, पण नेमकं कुणावर चिडायचं ते त्यांना ठरवता येईना, म्हणून माझ्यावर चिडल्या.

त्याच दुपारी अण्णांचा निरोप आला. मी गेलो.

"काय बे सचिव, हॉल मोकळा कर. छावनीचा चारा येतोय. पडवीत किती मावनार?"

आता याला सूड म्हणावं तर छावणीत जनावरं खरंच उपाशी होती. उसाच्या वाढ्याचे, हिरव्या शेंड्यांचे, ट्रक खरंच येणार होते. उघड्यावर ठेवलं असतं तर चोरीला गेलं असतं. नाही म्हणायला कुणाला तोंड नव्हतं. मी बाईंकडं गेलो तो मनाची तयारी करून. उपोषण, घोषणा, तहसीलदार, वर्तमानपत्र, सगळं डोळ्यांपुढून जात होतं.

बाई म्हणाल्या, "जनावरं मरायलीत. चारा हितंच ठिवा."

मी सुटकेचा श्वास टाकला.

"पन भित्तीवरचं काय काढायचं न्हाई."

"बाई, चारा घासंल त्याला. खराब हुईल."

"हू द्या."

"काढून गुंडाळून ठिवू की. माझ्या घरी ठिवतो."

"सचिव, तुमाला हॉल पायजे का भित्ती पायजेत? हॉल घ्या."

येन्स गेला. चारा आला. तो छताच्या काचांपर्यंत रचला गेला आणि चेहरे, कपडे, सगळं त्याच्यामागं गडप झालं. मला वाटलं, संपलं. बाईंची गॅलरी गेली. खरं सांगायचं तर दोन दिवस मला बरंही वाटलं.

पण चारा रोज निघत होता. छावणीतली माणसं पेंढ्या न्यायला रांगेनं आत यायची. जसजसा ढीग उतरत गेला तसतशी चित्रं वरून उघडी होत गेली. आधी त्या खाणकामगारांची कपाळं, मग भुवया, मग डोळे. ज्यांनी बाईंच्या प्रदर्शनाकडं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, ती आसपासच्या गावांची माणसं आता रोज दोनदा ती बघत होती. ‘ह्यो आमच्या चुलत्यावानी दिसतोय’ म्हणायची. ‘आज नाक आलं’ म्हणायची. एक जण मला म्हणाला, "साहेब, ह्यांच्या डोळ्यांत धूळ गेलीया, पुसू का?" बाई छावणीत फिरून सगळ्यांना काय दिसलं ते विचारत होत्या. त्यांना एवढी गर्दी आयुष्यात मिळाली नव्हती. उंदरांनी मार्ताच्या एका कपड्याची बाही कुरतडली. त्याबद्दल बाई उंदरांना काही बोलल्या नाहीत. मी मांजर का पाळलं नाही, एवढंच विचारलं.

मधे एक गोष्ट घडली. एक दिवस टँकर वेशीजवळ न थांबता आधी वस्तीत गेला. दुसऱ्या खेपेला गावात. मग आलटूनपालटून तसंच सुरू राहिलं. मी ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणाला, "अण्णा म्हनले." मी धावत बाईंना सांगायला गेलो. वाटलं होतं, आता तरी चेहरा उजळेल.

"मग पैल्यांदाच कावून न्हाई म्हनले?" बाई म्हणाल्या आणि राधाबाईची भरलेली घागर उचलू लागल्या.

मी परत आलो. रागानं माझं जेवणात लक्ष लागेना. शालन म्हणाली, "खरंच तर हाय. तुमाला त्यात राग कशाचा आला?"

पुढचं वर्ष बरं गेलं. छावणी उठली, टँकर बंद झाले. पण संस्था गुंडाळायचा निकाल आला आणि जिनिंग विकली गेली. भंगारवाल्यानं पत्रे उतरवायला घेतले त्या दिवशी बाई तिथं होत्या. मला वाटलं, रडतील. त्या भंगारवाल्याशी वरच्या काचांसाठी भांडत होत्या. फोडू नको, उतरवून दे, म्हणत होत्या. त्यातल्या बऱ्याच फुटल्या. चेहरे आणि कपडे गुंडाळून त्या बीडला लेकीकडं गेल्या. मी माझ्या घरात, माझ्या खुर्चीत, पेपर घेऊन बसू लागलो. पेपर वाचून फार लवकर संपतो, हे तेव्हा लक्षात आलं.

बाई वारल्याचं मला नंतर त्यांच्या लेकीनं फोन करून सांगितलं. त्याआधी एकदाच त्यांची भेट झाली होती. कोर्टाच्या कामानं बीडला गेलो होतो. काम आटोपून बसस्टँडकडं निघालो, तर एका क्लासेसच्या इमारतीच्या दारात बाई उभ्या. इमारतीला रस्त्याच्या बाजूनं उघडा जिना होता. खाली मोटारसायकलींची दाटी, जिन्यानं पोरंपोरी वर-खाली करतायत. क्लासच्या मालकाला गाठून बाईंनी त्याच्याकडून चित्रांसाठी जिन्याची भिंत मिळवली होती. त्याला तरी नाही म्हणता आलं असेल, असं मला वाटत नाही.

बाई वाळल्या होत्या. आवाज तसाच. "बरं झालं आलात. धरा हे."

मी म्हणालो, माझी बस आहे. त्यांनी खाणकामगाराच्या चेहऱ्याच्या एका मोठ्या चौकटीची एक बाजू माझ्या हातात दिली. दुसरी बाजू त्यांनी जिन्यावरून चाललेल्या एका पोरीला दिली. तिच्या पाठीवर दप्तर होतं, क्लासला उशीर होत होता. "अशीच धर. हलू नको," बाई म्हणाल्या आणि लांबून कसं दिसतंय ते बघायला खाली उतरल्या. रिक्षावाल्यांना हात करत, भर गर्दीतून त्या रस्ता ओलांडून गेल्या.

आम्ही दोघं भिंतीशी चौकट धरून उभे होतो. पोरगी म्हणाली, "आजोबा, ह्या कोन हायत?" मी म्हणालो, "नीट धर, नाहीतर रागावत्याल."

पलीकडच्या फुटपाथवर बाई उभ्या होत्या, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून. मधून बस जायच्या, ट्रॅक्टर जायचे, बाई दिसेनाशा व्हायच्या आणि पुन्हा दिसायच्या. त्या हातानं काहीतरी खुणावत होत्या. वर घ्या म्हणत होत्या की खाली, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. आम्ही थोडी वर घेतली. त्यांनी मान हलवली. थोडी खाली घेतली. तरी मान हलवली. हात दुखायला लागले होते, पण बाई काही समाधानी दिसत नव्हत्या, आणि आम्ही धरून होतो.